वार्षिक अहवालाची पुस्तिका: पानं कशी लावायची, क्रमांक कसे टाकायचे

३१ मार्चला वर्ष संपलं की सहकारी संस्थेला सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे सांगली, मिरज, तासगाव, विटा, कुठंही बघा, ऑगस्टमध्ये पतसंस्था, विकास सोसायट्या आणि दूध संस्थांचे अहवाल एकाच वेळी छपाईला येतात. लेखापरीक्षण झालेले आकडे हाती यायला उशीर झालेला असतो, सभेची तारीख ठरलेली असते आणि अहवाल टाइप करायचं काम बहुतेक वेळा संस्थेतल्या सर्वांत नव्या लिपिकाकडे येतं. त्याला किंवा तिला टायपिंग येत असतं. अडतं ते पानांपाशी: क्रमांक चुकतात, ताळेबंद मधेच तुटतो, प्रेसमध्ये फाइल उघडली की सगळं खाली सरकतं.

यातल्या बहुतेक अडचणी टायपिंग सुरू करण्याआधीच टळतात. कागदाचा आकार, पानांची संख्या आणि ताळेबंदाची जागा या तीन गोष्टी आधी ठरवायच्या, मजकूर नंतर. इथं उदाहरण धरलंय ते आतली १६ पानं, वेगळं जाड मुखपृष्ठ आणि मधोमध दोन पिना अशा ए५ पुस्तिकेचं. फाइल मायक्रोसॉफ्ट वर्डमधली आहे. लिबरऑफिस रायटरमध्ये जे वेगळं आहे ते पुढे सांगितलंय.

आधी कागदाची डमी

ए४ आकाराचे चार कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध घडी घाला. पुस्तिकेसारखं उघडत जा आणि प्रत्येक बाजूच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं १ ते १६ आकडे टाका. आता कागद सुटे करून बघा. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १ शेजारी आलेत, पाठीवर २ आणि १५. दुसऱ्यावर १४ आणि ३, पाठीवर ४ आणि १३. तिसऱ्यावर १२ आणि ५, पाठीवर ६ आणि ११. सर्वांत आतल्या कागदावर १० आणि ७, पाठीवर ८ आणि ९. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज कायम १७, म्हणजे एकूण पानांपेक्षा एक जास्त. छपाईच्या वेळी काही उलटसुलट वाटलं तर ही बेरीज करून बघायची.

या डमीतून तीन गोष्टी डोळ्यांनी दिसतात. पानांची संख्या चारच्या पटीतच हवी. मजकूर १८ पानांचा झाला तर पुस्तिका २० पानांची होते आणि दोन पानं कोरी राहतात. मग एकतर मजकूर १६ मध्ये बसवायचा, नाहीतर त्या दोन पानांवर ठेवींचे व्याजदर किंवा केवायसीचा फॉर्म द्यायचा. दुसरं, उजव्या हाताचं पान नेहमी विषम आणि डाव्या हाताचं सम. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: पुस्तक उघडल्यावर समोरासमोर येणारी आणि मधे घडी असूनही एकाच कागदावर छापलेली पानं फक्त ८ आणि ९. बाकीच्या प्रत्येक जोडपानाचं डावं पान एका कागदावर आणि उजवं दुसऱ्यावर असतं. ताळेबंदाची जागा ठरवताना हे उपयोगी पडतं.

प्रेसवाल्याशी बोलताना ‘पान’ म्हणजे काय ते आधी स्पष्ट करून घ्या. आपण एका बाजूला पान म्हणतो, काहीजण अख्ख्या कागदाला पान म्हणतात. ‘सोळा पानी’पेक्षा ‘सोळा पृष्ठं, ए५, चार कागद’ असं सांगितलं की दर ठरवताना घोळ होत नाही. या लेखात पान म्हणजे पृष्ठ.

पानाचा आकार आणि समास

कोरी फाइल उघडल्याबरोबर ‘लेआउट’मध्ये जाऊन ‘साइझ’ ए५ करा. यादीत ए५ नसेल तर ‘मोअर पेपर साइझेस’मध्ये रुंदी १४.८ आणि उंची २१ सेंटिमीटर टाका. ए४ वर टाइप करून छापताना लहान करू, हा विचार सोडून द्या. ए४ चं ए५ करताना सगळं ७१ टक्क्यांवर येतं. १२ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटचं होतं. संस्थेचे निम्मे सभासद चष्मा लावून अहवाल वाचतात. त्यांना आकडे दिसलेच नाहीत तर अहवाल छापून काय उपयोग? ए५ वर थेट ११ पॉइंटमध्ये लिहा.

समासासाठी ‘कस्टम मार्जिन्स’ उघडा. ‘मल्टिपल पेजेस’मध्ये ‘मिरर मार्जिन्स’ निवडलं की डावा-उजवा समास जाऊन आतला आणि बाहेरचा समास येतो. आतला १८, बाहेरचा १३, वरचा १५ आणि खालचा १७ मिलिमीटर ठेवा. आतला जास्त, कारण घडीपाशी कागद वळतो आणि तिथली अक्षरं वाचायला पुस्तिका ताणून धरावी लागते. खाली ‘अप्लाय टू’मध्ये ‘होल डॉक्युमेंट’ आहे ना, हे बघूनच ओके करा. पिनांऐवजी स्पायरल बाइंडिंग असेल तर आतला समास किमान २५ मिलिमीटर हवा, नाहीतर भोकं अक्षरांवर पडतात.

मराठी अक्षराचा आकार

वर्डमध्ये मराठी आणि इंग्रजी अक्षरांच्या फॉन्टचे दोन वेगळे कप्पे असतात. कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची खिडकी उघडली की वर ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि खाली ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ दिसतं. मराठीसाठी खालचा कप्पा लागू होतो. स्टाइलमध्ये, म्हणजे अक्षराच्या आणि परिच्छेदाच्या ठरवून ठेवलेल्या मांडणीत, फक्त वरचा आकार ११ केला तर इंग्रजी अंक बदलतात, मराठी होतं तेवढंच राहतं आणि पानांची संख्या का जुळत नाही ते कळत नाही. म्हणून ‘नॉर्मल’ स्टाइलमध्ये दोन्ही कप्पे एकदाच भरून टाका.

दोन ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ करून १२-१३ पॉइंट ठेवलं तर रफार आणि ऊकार कापले जातात. ‘मल्टिपल’ १.१ किंवा १.१५ ठेवा. फॉन्ट मात्र पहिल्या दिवशी ठरवून नंतर बदलायचा नाही. मंगल आणि कोकिळा या दोन्हींमध्ये ११ पॉइंट म्हटलं तरी अक्षराची उंची आणि ओळीची जागा इतकी वेगळी असते की १६ पानांचा मजकूर १३ वर येऊ शकतो.

एंटर मारून पान भरू नका

नव्यानं काम करणाऱ्याची सर्वांत मोठी चूक हीच. सभेच्या सूचनेखाली सचिवांची सही आली, अहवाल पुढच्या पानावर हवा, म्हणून नऊ वेळा एंटर. स्क्रीनवर बरोबर दिसतं. मग अध्यक्ष सूचनेत एक विषय वाढवतात. दोन ओळी वाढल्या, नऊ एंटर तसेच राहिले, आणि अहवालाचं शीर्षक पुढच्या पानावर दोन ओळी खाली उतरलं. तिथून शेवटपर्यंत प्रत्येक पान सरकतं. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट थोडा वेगळा असला तरी हेच होतं.

आपली फाइल तपासायला कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबा. प्रत्येक एंटरच्या जागी परिच्छेदाची खूण दिसेल. एकाखाली एक ओळीनं खुणा दिसल्या तर त्या पुसा आणि तिथं कंट्रोल-एंटर दाबा. हा पेज ब्रेक. वर कितीही ओळी वाढल्या तरी पुढचा मजकूर नव्या पानाच्या डोक्यावरच राहतो. त्याहून पक्का उपाय म्हणजे जे शीर्षक कायम नव्या पानावर हवं त्याच्या स्टाइलमध्येच ‘पेज ब्रेक बिफोर’ला खूण करणं. ही सोय ‘पॅराग्राफ’च्या खिडकीत ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ या टॅबवर आहे.

तिथंच आणखी दोन कामाच्या गोष्टी आहेत. ‘कीप विथ नेक्स्ट’ केलं की शीर्षक पानाच्या तळाशी एकटं राहून त्याचा मजकूर पुढच्या पानावर जात नाही. ‘विडो-ऑर्फन कंट्रोल’ चालू असलं की परिच्छेदाची एकच ओळ पलीकडे लोंबत नाही. ‘रु.’ आणि रक्कम किंवा ‘कलम’ आणि त्याचा आकडा दोन ओळींत फुटू नयेत यासाठी मधे साधी स्पेस न देता कंट्रोल-शिफ्ट-स्पेस द्या.

पानांचे क्रमांक

मुखपृष्ठाची चार पानं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. जाड कागद वेगळा छापला जातो आणि त्यावर क्रमांक नसतो. एकाच फाइलमध्ये ठेवलं तर क्रमांक मागेपुढे करण्याची कसरत विनाकारण मागे लागते. आतली फाइल १ पासून सुरू झाली की ते पान आपोआप उजव्या हाताला येतं.

‘इन्सर्ट’, ‘पेज नंबर’, ‘बॉटम ऑफ पेज’ निवडून क्रमांक मधोमध ठेवा. बाहेरच्या कोपऱ्यातला क्रमांक देखणा दिसतो, पण त्यासाठी ‘डिफरंट ऑड अँड ईव्हन’ चालू करून सम पानांचा तळ (फूटर) वेगळा आणि विषम पानांचा वेगळा करावा लागतो. शिवाय कटिंगला एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की तोच आधी डोळ्यांत भरतो. पहिल्या पानावर, म्हणजे सभेच्या सूचनेवर, क्रमांक नको असेल तर ‘डिफरंट फर्स्ट पेज’ करा. पान मोजलं जातं, आकडा फक्त दिसत नाही.

मराठी अंक हवे असतील तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेज’मध्ये मराठी भाषा जोडा. मग ‘फॉरमॅट पेज नंबर्स’च्या यादीत १, २, ३ येतात. क्रमांक हातानं कधीच टाइप करू नका. तळाच्या पट्टीत हातानं ‘५’ लिहिलं की सगळ्या पानांवर ५ छापलं जातं.

मधल्या एखाद्या पानाचा समास वेगळा किंवा कागद आडवा हवा असेल तर पेज ब्रेक पुरत नाही, सेक्शन ब्रेक, म्हणजे फाइलचा नवा भाग सुरू करणारी खूण, लागतो: ‘लेआउट’, ‘ब्रेक्स’, ‘नेक्स्ट पेज’. आडव्या पानाच्या आधी एक आणि नंतर एक. एकच दिला तर पुढची सगळी पानं आडवी होतात. सेक्शन पडल्यावर क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाले तर ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मध्ये ‘कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन’ करा.

काही पानांवर क्रमांक काढायचा आणि काहींवर ठेवायचा असेल तर क्रम पाळा. आधी नव्या सेक्शनच्या तळात दोनदा क्लिक करून ‘लिंक टु प्रीव्हियस’ बंद करा, आणि मगच क्रमांक पुसा. उलट केलं तर मागच्या सेक्शनचाही क्रमांक जातो, कारण दोन्ही तळ अजून एकमेकांना बांधलेले असतात. वरची आणि खालची पट्टी वेगवेगळी सोडवावी लागते, आणि सम-विषम वेगळे केले असतील तर तेही स्वतंत्रपणे.

सेक्शन असलेल्या फाइलमधली ठरावीक पानं छापायची असतील तर नुसतं ‘३’ लिहून भलतंच पान निघू शकतं. दुसऱ्या सेक्शनचं तिसरं पान हवं असेल तर पानांच्या चौकटीत इंग्रजी पी, ३, इंग्रजी एस, २ असं सलग लिहायचं.

ताळेबंद जोडपानावर

भांडवल व देणी डावीकडे, मालमत्ता व येणी उजवीकडे, अशा मांडणीत सभासदाला दोन्ही बाजू एका नजरेत दिसायला हव्यात. ए५ च्या एका उभ्या पानात त्या कोंबल्या की आकडे बारीक होतात. पान आडवं केलं तर वाचणाऱ्याला पुस्तिका फिरवावी लागते. म्हणून ताळेबंद ८ आणि ९ या मधल्या जोडपानावर घ्या. दोन्ही बाजू एकाच कागदावर छापल्या जातात, त्यामुळे ओळी घडीच्या आरपार सरळ जातात. ६-७ किंवा १०-११ वर घेतला तर दोन वेगळे कागद घडीला एक-दोन मिलिमीटर वरखाली बसतात आणि डावीकडची ‘एकूण’ उजवीकडच्या ‘एकूण’शी जुळत नाही.

दोन पानांवर दोन स्वतंत्र टेबलं करा. प्रत्येकात तीन रकाने: मागील वर्षाची रक्कम, तपशील, चालू वर्षाची रक्कम. टेबल निवडून ‘टेबल प्रॉपर्टीज’, ‘रो’मध्ये ‘स्पेसिफाय हाइट’ला खूण करा, ०.६ सेंटिमीटर लिहा आणि शेजारी ‘अ‍ॅट लीस्ट’ असेल ते बदलून ‘एक्झॅक्टली’ करा. ‘अ‍ॅट लीस्ट’ राहिलं तर एखादा लांब तपशील दोन ओळींचा होतो, त्या बाजूची ओळ फुगते आणि खालचं सगळं बिघडतं. हिशोब असा: पानाची उंची २१० मिलिमीटर, वजा समास ३२, राहिले १७८, शीर्षकाला २० सोडले तर १५८, म्हणजे ६ मिलिमीटरच्या २६ ओळी. डावीकडे १९ बाबी आणि उजवीकडे २४ असतील तर डावीकडे ‘एकूण’च्या वर पाच कोऱ्या ओळी सोडा. दोन्ही बेरजा एकाच उंचीवर यायला हव्यात. एका बाजूला ‘एकूण’ धरून २६ च्या वर ओळी होत असतील तर ओळ ५.५ मिलिमीटर करा, त्याखाली जाऊ नका. त्यापेक्षा पोटखाती वेगळ्या परिशिष्टात द्या.

ताळेबंद ८ व्या पानावरच सुरू व्हावा यासाठी त्याच्या आधी ‘ईव्हन पेज’ सेक्शन ब्रेक देता येतो, पण तो फक्त डाव्या हाताचं पान मिळवून देतो, आठवं नाही. आधीचा मजकूर ७ पानांचा भरतो का हे तुम्हीच बघायचं. तो सहाच पानांत संपला तर ताळेबंद ८ वर जातो खरा, पण मधे ७ वं पान कोरं पडतं, आणि ते स्क्रीनवर दिसत नाही, छापताना येतं. त्या पानावर गुणवंत विद्यार्थ्यांची यादी किंवा तुलनात्मक तक्ता घ्या.

एका पानात न मावणाऱ्या लांब याद्यांसाठी पहिली ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ करा, म्हणजे रकान्यांची नावं प्रत्येक पानावर येतात. टेबलाभोवती मजकूर वळवलेला असेल, म्हणजे ‘टेक्स्ट रॅपिंग’ ‘अराउंड’ असेल, तर हे चालत नाही, ‘नन’ करा. ‘अलाउ रो टु ब्रेक अक्रॉस पेजेस’ची खूण काढली की एक ओळ अर्धी इथे आणि अर्धी तिथे होत नाही.

फाइलचा शेवट टेबलानं झाला आणि मागे एक कोरं पान हटत नसेल तर कारण साधं आहे: वर्ड टेबलानंतर एक रिकामा परिच्छेद ठेवतोच. त्याची खूण निवडून फॉन्ट १ पॉइंट करा आणि वरखालचं अंतर शून्य. पान जातं.

रायटरमध्ये काम असेल तर

लिबरऑफिस रायटरमध्ये सेक्शनऐवजी पेज स्टाइल असते. ‘इन्सर्ट’मधून ‘मॅन्युअल ब्रेक’ घेऊन पुढच्या पानाची स्टाइल निवडायची आणि हवा असेल तिथून नवा क्रमांक द्यायचा. क्रमांकाच्या फील्डमध्ये ‘ऑफसेट’ टाकून क्रमांक पुढे ढकलायचा प्रयत्न करू नका. तो आकडा अस्तित्वात नसलेल्या पानाकडे बोट दाखवतो आणि शेवटच्या पानांवरचे क्रमांक गायब होतात. विषम पानानंतर लगेच पुन्हा १ क्रमांक दिला तर रायटर मधे स्वतःहून एक कोरं पान घालतो. पीडीएफ करताना आपोआप घातलेली कोरी पानं द्यायची की नाही याची खूण तपासा.

पीडीएफ आणि फॉन्ट

प्रेसला वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. त्याआधी अनुक्रमणिका असेल तर तिच्यावर क्लिक करून एफ९ दाबा आणि ‘अपडेट पेज नंबर्स ओन्ली’ निवडा. पीडीएफ उघडल्यावर कंट्रोल-डी दाबून ‘फॉन्ट्स’ बघा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिलेलं हवं, म्हणजे तो फॉन्ट पीडीएफमध्येच बसवलेला आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर एम्बेड झाला नाही तर प्रेसच्या संगणकावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते.

ऑफसेट प्रेसला पीडीएफ एका पानाला एक पान अशीच द्या. १६ आणि १ शेजारी लावायचं काम ते स्वतः करतात. आपण आधीच लावून दिलं तर त्यांना ते सोडवत बसावं लागतं. मुखपृष्ठाच्या फाइलमध्ये रंग कागदाच्या कडेपर्यंत जात असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त रंग ठेवा, म्हणजे कटिंगला पांढरी रेघ दिसत नाही.

ऑफिसच्या प्रिंटरवर छापताना

शंभर-दीडशे प्रती असतील तर आपल्याच लेझर प्रिंटरवर होतात. अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘बुकलेट’ निवडा, कागद ए४, ‘बाइंडिंग लेफ्ट’. प्रिंटर दोन्ही बाजू स्वतः छापत असेल तर ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ करा. ‘लाँग एज’ राहिलं तर मागची बाजू उलटी, डोकं खाली येते. पुस्तिकेऐवजी साधी ए४ पानं छापताना ‘फिट’ नको, ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ हवं. ‘फिट’नं सगळं तीन-चार टक्के लहान होतं आणि मोजून ठेवलेले समास बदलतात.

एका बाजूनं छापणारा प्रिंटर असेल तर ‘फ्रंट साइड ओन्ली’ छापा, गठ्ठा फिरवून घाला, मग ‘बॅक साइड ओन्ली’. कोणत्या बाजूनं फिरवायचं ते अंदाजानं ठरवू नका. ट्रेमधल्या वरच्या कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं फुली मारा, एकच कागद छापा आणि फुली कुठं आली ते बघा. त्यावरून दिशा कळते, आणि ती कागदाच्या चिठ्ठीवर लिहून प्रिंटरला चिकटवून ठेवा.

पावसाळ्यात कागद हवेतली ओल ओढतो, कडा वळतात आणि प्रिंटर दोन कागद एकदम ओढतो. पाठीची बाजू छापताना हे झालं की तिथून पुढची प्रत्येक प्रत एका कागदानं चुकते आणि वरून कळतही नाही. म्हणून रीम, म्हणजे ५०० कागदांचं पाकीट, छापायच्या वेळीच फोडा, कागद फुंकर घालून सुटे करा आणि एका वेळी २० कागदांपेक्षा जास्त घालू नका. चार कागदांच्या १५० प्रती म्हणजे ६०० कागद. एक रीम पुरत नाही, दोन आणा.

पहिली पूर्ण प्रत घडी घालून, पिना मारून, पेन्सिलीच्या डमीशेजारी ठेवा. पानागणिक आकडा जुळवा, मग ८-९ उघडून दोन्ही बाजूंच्या ‘एकूण’खाली पट्टी ठेवून बघा. पट्टी सरळ बसली तर बाकीच्या प्रती छपाईला सोडा.